दारात थांबून गायचं गाणं

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण वाचा, कारण विषय आपल्या निजामपुऱ्याच्या गल्ल्यांचा आहे.

डिसेंबर लागला की कल्याण-ठाण्याच्या मॉलमध्ये लाल टोप्या दिसायला लागतात आणि 'जिंगल बेल्स' सुरू होतं. ओळखीचे लोक मला विचारतात, "काय मग, सुरू झाला तुमचा सण?" मी हो म्हणते. दरवेळी भाजीच्या गाडीवर उभं राहून खुलासा कुठे करत बसणार? पण खरं सांगायचं तर सण सुरू झालेला नसतो. चर्चच्या पंचांगात 25 डिसेंबरच्या आधीचे चार रविवार हा एक वेगळाच काळ आहे. इंग्रजीत त्याला ॲडव्हेंट म्हणतात, मराठीत आगमनकाळ. हा वाट पाहण्याचा काळ. बऱ्याच चर्चमध्ये या दिवसांत जांभळा रंग वापरतात, उपवासकाळात असतो तोच. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या ठेवतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. पहिल्या रविवारी एकच ज्योत, बाकी तीन वाती कोऱ्या. म्हणजे उजेड येतो, पण हप्त्याहप्त्याने येतो.

आणि 'जिंगल बेल्स'चं म्हणाल तर ते 1857 मध्ये अमेरिकेत छापलेलं, बर्फावरून घोड्याची गाडी पळवण्याचं गाणं आहे. त्यात येशूचं नाव एकदाही येत नाही. छान गाणं आहे, मुलांना आवडतं, माझी तक्रार नाही. फक्त ते म्हणजे आमचं कॅरल असं समजू नका.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या छोट्या प्रार्थनामंडळात झालेला वाद. आम्ही मोजकीच घरं. दरवर्षी नाताळाआधी दहा-पंधरा जण मिळून ओळखीच्या घरी जातो, दारात उभे राहून तीन-चार गाणी म्हणतो, चहा घेतो, पुढे जातो. यंदा बैठकीत एक ज्येष्ठ काका म्हणाले, "वातावरण बघा. यंदा गल्लीत नको. हॉलमध्ये बसून गाऊ, देवाला तिथूनही ऐकू येतं." त्यावर कॉलेजातली पोरं उसळली. "सगळ्यांचे डीजे चालतात, सगळ्यांच्या मिरवणुका निघतात. आपणच का तोंड दाबून बसायचं? टेम्पो काढू, मोठे स्पीकर लावू, कळू दे आपण पण आहोत."

काकांची भीती हवेतली नाही. 14 डिसेंबर 2017 ला मध्य प्रदेशात सतना इथे कॅरल गायला निघालेल्या सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना आणि फादरना पोलीस ठाण्यात नेलं गेलं. आरोप काय, तर धर्मांतराचा. त्यांची विचारपूस करायला आलेल्या धर्मगुरूंची गाडी ठाण्याबाहेर जाळली गेली. ही बातमी काकांनी जपून ठेवली आहे. आणि पोरांचं म्हणणंही समजतं. ज्या गावात राहतो, कर भरतो, मत देतो, त्या गावात आपला आवाज ऐकूच जाऊ नये, हे विशीतल्या माणसाला कसं पटावं?

मी दोघांचं ऐकलं आणि घरी येऊन गाण्यांची वही काढून बसले. म्हटलं, ही गाणी स्वतः काय म्हणतात ते तरी आधी बघू.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आगमनकाळाची गाणी आनंदाची कमी आणि हाकेची जास्त आहेत. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये 17 ते 23 डिसेंबर असे सात दिवस संध्याकाळच्या उपासनेत सात छोट्या प्रार्थना गातात. त्या हजार वर्षांहून जुन्या आहेत. प्रत्येकीची सुरुवात 'हे' अशा हाकेने होते आणि प्रत्येकीत मागणं एकच: ये. इमॅन्युएलला हाक मारणारं जे प्रसिद्ध आगमनगीत आहे, ते याच सात प्रार्थनांतून आलं. त्याची चाल ऐका. तिच्यात उत्सवाचा ठेका नाही, ती एखाद्या विराणीसारखी लांबत जाते. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारणच नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आपल्या कानात आहेत. जो आला नाही त्याच्यासाठी गायचं, तो येईलच या भरवशावर गायचं, ही रीत आपल्याकडे वारकऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही.

दुसरी गोष्ट गाण्यांतल्या माणसांची. नाताळाच्या कथेत पहिलं गाणं मरियेचं आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ते येतं, बाळ जन्माला यायच्या आधी. म्हणजे ते खरोखर आगमनकाळाचं गाणं. एक गरीब घरची पोटुशी मुलगी आपल्या नात्यातल्या बाईच्या घरी जाते आणि तिथे गाते. काय गाते? बाळाचे गाल, पाळणा, चांदणी यातलं काही नाही. ती म्हणते की गादीवर बसलेले खाली येतील, दबलेले वर उठतील, उपाशी माणसांची पोटं भरतील आणि धनवान रिकाम्या हाताने जातील. आपण हे मंद चालीत, डोळे मिटून गातो, म्हणून त्याचा चटका जाणवत नाही. एकदा नुसतं वाचून बघा.

त्यानंतर कथेत येतो सरकारी हुकूम. ऑगस्टस कैसराने नावनोंदणी काढली म्हणून योसेफ दिवस भरत आलेल्या मरियेला घेऊन बेथलेहेमला निघाला. कागदासाठी मूळ गावी जायचं. भिवंडीत हे कुणाला समजावून सांगायचं? आपल्या प्रत्येक गल्लीत अशी माणसं आहेत ज्यांचं काम इथे आणि कागद आझमगड, मऊ, दरभंग्याला. आणि मे 2020 च्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरसाठी सुटलेली श्रमिक स्पेशल आठवा. त्याच्याही आधी नाशिक हायवेने पायी निघालेल्या बाया आठवा, पोरं कडेवर घेतलेल्या. उतरायला जागा नाही, दवाखाना नाही, पुढे रस्ता किती ते माहीत नाही. गव्हाणीचा देखावा मी दरवर्षी मांडते, पुठ्ठ्याचा आणि गवताचा. त्या वर्षानंतर तो मला देखावा वाटत नाही.

आणि बातमी पहिल्यांदा कळते कुणाला? रात्री रानात मेंढरं राखत जागणाऱ्यांना. म्हणजे आजच्या भाषेत, रातपाळीवाल्यांना. राजाचा वाडा झोपलेला, पुजारी झोपलेले, जागे कोण तर हे. निजामपुऱ्याच्या आसपास रात्री अकराला फिरा. दुकानांची शटर खाली, पण लूमचा खडखडाट चालूच. बारा-बारा तासांच्या पाळ्या. किती मीटर कापड निघालं त्यावर मजुरी. कारखान्यात उभं राहून कानाचा पडदा बधिर झालेला माणूस पहाटे बाहेर पडतो, बिशीत जेवतो, कुणीतरी नुकत्याच रिकाम्या केलेल्या जागेवर आडवा होतो. कॅरलांमध्ये मेंढपाळांचं कडवं आलं की मला हा माणूस दिसतो. देवदूतांना आज भिवंडीत यायचं झालं तर ते बंगल्याच्या गेटवर थांबतील असं वाटत नाही. आधी ते कारखान्यात शिरतील. फक्त तिथे त्यांना बरंच ओरडून गावं लागेल.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण गाणी तर बाहेरून आलेली. थोडा इतिहास सांगते. इंग्रज जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आला. त्याने इथली भाषा शिकून येशूची कथा मराठी ओवीत लिहिली. ते 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठीचं कौतुक करणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. ते पुराण मोठ्याने म्हणायचं पुस्तक होतं, आणि गोव्यातल्या देवळांत लोक ते म्हणत असत. म्हणजे येशूच्या जन्माची कथा मराठीत गायला सुरुवात झाली तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता.

आणखी जवळचं उदाहरण हवं? रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म 1861, कोकणातला. पण त्यांचं प्राथमिक शिक्षण कुठे झालं, माहीत आहे? कल्याणला. आपल्या शेजारी. पुढे 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचं काय झालं ते 'स्मृतिचित्रे'त आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी नाताळाची वाट न बघता वाचावं. टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये बरीच गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली असत. शब्द मराठी, चाल साहेबाची. कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांसारख्या माणसांनी कीर्तनाची वाट आधीच धरली होती. टिळकांनी शंभराहून जास्त गीतं लिहिली, अभंगात, ओवीत, आपल्या छंदांत. आजही 'उपासना संगीत' उघडलं की पानोपानी त्यांचं नाव. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यामुळे आमच्याकडे नाताळाला पेटी, तबला, टाळ निघतात तेव्हा कुणी "हे काय, भजन का?" असं विचारलं तर मी म्हणते, हो, भजनच.

म्हणजे ही गाणी आपली आहेत की नाही हा प्रश्नच माझ्यासाठी उरत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. आपल्या गावात, रस्त्यावर, गायचं कसं?

हे गाव साधं नाही. महापालिकेच्या नावातच भिवंडीबरोबर निजामपूर आहे, इतका आपला मोहल्ला जुना. आणि या गावाने रस्त्यावरच्या आवाजाची किंमत मोजली आहे. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून पेटलं ते किती घरांत आजही विझलेलं नाही. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, आधीपासून साठत गेलेला संशय, सगळं त्या अहवालात आलं. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा तेच. आमच्या पिढीच्या लहानपणी घरातली मोठी माणसं दूरवर ढोल ऐकू आला की आधी मोजायची, कोण बाहेर आहे आणि कोण घरात. सण कुणाचाही असो.

मग हेही याच गावाने करून दाखवलं: 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसं महिन्यामहिन्याला समोरासमोर बसवली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. जादू कसलीच नव्हती. माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती, अफवा आली की सरळ दार वाजवून विचारू शकत होती, एवढंच.

दार वाजवून विचारणं. माझं म्हणणं इथेच आहे, आणि पोरांनाही मी हेच सांगितलं. कॅरल हा प्रकारच दार वाजवण्याचा आहे. मिरवणूक रस्ता ताब्यात घेते. ती थांबत नाही, बाकीच्यांनी थांबायचं असतं. कॅरलवाले दारात थांबतात. दार उघडलं तर गायचं, नाही उघडलं तर पुढे जायचं. गाणाऱ्याचा आवाज दाराच्या आत जाईल इतकाच, चार गल्ल्यांपलीकडे नाही. सकाळी वासुदेव यायचा तो आठवतो ना? तोही दारात थांबायचा. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या, दान पावलं म्हणून पुढच्या दारी. त्याला कुणी कधी परवाना मागितल्याचं मला आठवत नाही.

मिरवणुका वाईट असं माझं म्हणणं नाही. ज्याच्या त्याच्या श्रद्धेची ती गोष्ट आहे आणि घटनेने दिलेला हक्क आहे. पण टेम्पोवर स्पीकर चढवून आम्हीही त्याच रांगेत उभे राहिलो तर आमच्या हातात कॅरल उरत नाही, उरते आणखी एक मिरवणूक. आणि आवाजाच्या बाबतीत आमचे हात फार स्वच्छ आहेत असंही नाही. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला: प्रार्थनेसाठी भोंगे लावून दुसऱ्याच्या शांततेचा भंग करावा असं कुठलाच धर्म सांगत नाही. तो खटला कुणाविरुद्ध होता? चेन्नईतल्या एका चर्चविरुद्ध. हे ऐकल्यावर आमची पोरं जरा गप्प झाली.

काकांनाही माझं उत्तर आहे, आदराने. हॉलमध्ये गायचं तर जरूर गाऊ, पण तेवढंच केलं तर गाण्याचा अर्थ बदलतो. ज्या गाण्यातल्या जोडप्याला दारोदार जागा मागावी लागली, ते गाणं आपण दार लावून गायचं? आणि आपण भीतीने एक वर्ष गल्ली सोडली की पुढच्या वर्षी परत जायला दुप्पट धीर लागतो. गावातल्या वस्त्या अशाच एकमेकांना अनोळखी होत जातात. भांडण करून होतात त्यापेक्षा जास्त, येणं-जाणं थांबवून होतात.

आमच्या गल्लीत एक खाला आहेत, जुन्या कोकणी घरातल्या. त्यांच्या दारात आम्ही किती वर्षं गातो आहोत. लग्नाच्या आदल्या रात्री त्यांच्या घरातल्या बायका जी गाणी म्हणतात त्यांची बोली माझ्या आजोळच्या मराठीला इतकी जवळची, की अर्धी मला न विचारता कळतात. एकदा मरियेचं गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पण आहे हां मरियम. पूरा सूरा आहे तिच्या नावाचा." मग दारातच त्यांनी सांगितलं. कुराणातला एकोणिसावा सूरा. त्यात मरियम एकटी आहे, खजुराच्या झाडाखाली. कळा सोसवत नाहीत तेव्हा ती म्हणते, याच्या आधीच मेले असते तर बरं झालं असतं. मग पायाखाली पाण्याचा झरा लागतो, झाड हलवलं की पिकलेले खजूर पडतात. "बाईच जाणे बाईचं," खाला म्हणाल्या. संपूर्ण कुराणात नावाने उल्लेख झालेली स्त्री एकच, आणि ती ही मरियम.

आमच्या आणि त्यांच्या श्रद्धेत फरक आहे, मोठा आहे. येशू कोण, या प्रश्नाचं उत्तर आम्ही वेगळं देतो आणि त्या वेगळं देतात. तो फरक मी पुसायला निघाले नाही, त्याही निघाल्या नाहीत. पण एकाच बाईच्या कळांची गोष्ट आम्हा दोघींना पाठ आहे, हे मला त्या दारात उभी राहिले म्हणून कळलं. टेम्पोवरून कळलं नसतं. हॉलमध्ये बसूनही कळलं नसतं.

जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कॅरल तरी कुठून आलं? ऑस्ट्रियात साल्झाख नदीच्या काठी ओबर्नडोर्फ नावाचं गाव. नदीतून मिठाच्या नावा चालवणाऱ्यांची वस्ती. नेपोलियनच्या लढायांनी तो मुलूख पिचलेला. तिथल्या योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने 1816 मध्ये लिहिलेल्या शब्दांना शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबरने चाल लावली आणि 24 डिसेंबर 1818 च्या रात्री दोघांनी ते गायलं. साथीला ऑर्गन नव्हता, एक गिटार होती. 'सायलेंट नाइट' म्हणून जगभर जे गातात ते हेच. दोन माणसं, एक गिटार, छोटं गाव. आवाज वाढवायला काहीच नव्हतं. तरी 1914 च्या नाताळात युद्धाच्या खंदकांतून जर्मन आणि इंग्रज शिपायांनी एकमेकांना जी गाणी ऐकवली, त्यात ते होतं.

त्यामुळे आमच्या मंडळापुढे मी पाच गोष्टी मांडल्या, इथेही मांडते. एक, गल्लीत जायचं. दोन, ज्या घरी जायचं तिथे आदल्या दिवशी विचारून यायचं, न चिडता, कोण नको म्हणालं याचा हिशेब न ठेवता. तीन, स्पीकर नाही. पेटी, टाळ आणि गळे. चार, रात्री नऊच्या आत घरी, आणि वाटेत अजान झाली तर गाणं मध्येच थांबवायचं, संपली की पुढे. पाच, शेवटचं गाणं कारखान्याच्या दारात, पाळी बदलताना. आत ऐकू येणार नाही हे माहीत आहे. बाहेर पडणाऱ्यांना येईल.

काका अजून पूर्ण तयार नाहीत. "बघू" म्हणाले. पोरांनी टेम्पोचा विचार सोडला आहे, पण पेटी कोण वाजवणार यावर त्यांचं एकमत होत नाही. येत्या शनिवारी पुन्हा बैठक आहे. खालांना मी विचारून आले. त्या म्हणाल्या, "या की. पण मरियमचं आधी म्हणा, मला नंतर गुडघे दुखतात उभं राहून."

तुमच्या दारात यायचं का, ते खाली लिहा. नको असेल तर तसंही लिहा, राग नाही. चहा मात्र कमी साखरेचा.